त्याच त्या पापांची कबुली आणि घरातले पावित्र्य

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. तुम्ही लिहिता ते थोडक्यात असे: माहेर वसईचे, राहणे मीरा रोडला, नोकरी चर्चगेटला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सासूबाई अंथरुणावर आहेत आणि त्यांची वाचाही गेली आहे. सकाळी त्यांचे सगळे आवरून, मुलांचे डबे भरून तुम्ही लोकल पकडता. रात्री रोझरी (जपमाळ) हातात घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या रहस्यालाच, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांच्या टप्प्यालाच, डोळे मिटतात. दर महिन्याला कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपाशी पापांची कबुली द्यायला, जाता आणि दर वेळी तेच सांगता: चिडचिड, राग, लागेल असे बोलणे. मागच्या रविवारी चादर बदलून झाली आणि लगेच ती पुन्हा खराब झाली, तेव्हा तुम्ही सासूबाईंवर ओरडलात आणि तशाच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेलात. ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचे शरीर म्हणून मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेताना आपण ढोंग करतोय असे वाटले. म्हणून तुम्ही विचारता, असल्या आयुष्यात पवित्र व्हायचे तरी कसे, आणि देवाची दया मला का जाणवत नाही?

मी धर्मगुरू आहे. वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, माझी बरीच वर्षे गेली. आजाऱ्यांना घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेणे हे माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचे काम. कन्फेशनमध्ये ऐकलेले मी कुठे बोलत नाही, बोलू शकतही नाही. त्यामुळे इथे सांगतो ते घरभेटींत पाहिलेले आणि शिकवताना पुन्हा पुन्हा तपासलेले.

तुमच्या लिहिण्यामागे एक हिशेब दिसतो. दिवसातून नोकरी, प्रवास, स्वयंपाक आणि सासूबाईंचे सगळे वजा करायचे, उरेल ते देवाचे. तुमच्याकडे काहीच उरत नाही, म्हणून देवाच्या वाट्याला काही गेलेच नाही असे तुम्हाला वाटते. हा हिशेब आपल्या समाजात खोल रुजला आहे. फादर-सिस्टरांनी पवित्र व्हायचे आणि प्रापंचिकांनी रविवार पाळायचा, अशी वाटणी आपणच करून टाकली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात एक अख्खा अध्याय लिहून ही वाटणी मोडीत काढली. पावित्र्याचे पाचारण सगळ्यांना आहे आणि ज्याने त्याने ते आपापल्या जीवनस्थितीत जगायचे आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तुमची जीवनस्थिती म्हणजे ती लोकल, तो स्वयंपाक आणि ती खाट. पावित्र्य यायचे ते तिथेच.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी विचारायला हव्यात, कारण त्यांवर माझे उत्तर बदलेल. राग ओरडण्यापर्यंतच थांबतो, की हात उचलला जातो, जेवण किंवा औषध मुद्दाम उशिरा दिले जाते? तसे होत असेल तर ते गंभीर आहे; मग सासूबाईंच्या देखभालीची दुसरी व्यवस्था आधी लावा, बाकीचे नंतर बोलू. झोप उडाली आहे, रडू आवरत नाही, कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे झाले आहे, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर डॉक्टरांकडे जा आणि त्यात श्रद्धेची कमतरता शोधू नका. आणि क्षमा मिळाल्यावरही ‘नीट सांगितले का, सगळे सांगितले का’ या शंकेने जीव पोखरत असेल, तर ते दुखणे वेगळे. जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस स्पेनमधल्या मान्रेसात असताना याच शंकांनी इतके बेजार झाले होते की जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात येत. त्यावरचा जुना, अनुभवसिद्ध उपाय म्हणजे एकाच धर्मगुरूला धरून राहायचे आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांबायचे. तुमच्या पत्रात मला यांपैकी काही दिसत नाही. दिसते ती दमलेली आणि तरीही देवाला धरून असलेली बाई. पुढचे तिच्यासाठी आहे.

आज ना उद्या बायबलमधला लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून वाचा. ‘तुम्ही पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे’ हे वाक्य त्याच्या सुरुवातीलाच येते. पवित्र कसे व्हायचे म्हणून आपण पुढे वाचू लागतो, तर काय येते? आई-वडिलांचा मान राखा. शेताच्या कडेकोपऱ्यातले पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका. वजने आणि मापे खरी ठेवा. पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहा. उपासनेचे नियमही त्याच अध्यायात आहेत, पण ते या व्यवहाराच्या मधोमध मिसळलेले आहेत. देवाने शेत, तराजू आणि मजुरी ही पावित्र्याची ठिकाणे म्हणून नेमून दिली. वसईच्या शेतकऱ्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यातल्या एका आज्ञेपाशी तुम्ही थांबावे असे मला वाटते: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका. बहिऱ्याला काही ऐकू येत नाही, म्हणजे त्याचे काही बिघडत नाही असे कुणी म्हणेल. पण देवाला तिथे काहीतरी दिसते. ज्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याच्याशी आपण एकटे असताना कसे वागतो, ते फक्त देव आणि आपण पाहत असतो. तुमच्या सासूबाईंना सगळे ऐकू येते, पण बोलता येत नाही. त्या खोलीत, दार लोटलेले असताना, तुम्ही त्यांना कुशीवर वळवता, पुसता, पाठीला पावडर लावता, दोन तासांनी पुन्हा कूस बदलता, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. हे कुणी पाहत नाही. लेवीय पुस्तक ज्याला पावित्र्य म्हणते ते नेमके हेच आहे, आणि तुम्ही ते रोज करता. एखाद्या दिवशी तोल जातो, हेही खरे. पण त्या एका दिवसाने बाकीचे दिवस पुसले जात नाहीत.

दया आणि पावित्र्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत असेही समजू नका. ‘तुमचा स्वर्गीय पिता जसा पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ असे येशू मत्तयच्या शुभवर्तमानात म्हणतो. शत्रूवर प्रेम करण्याची तीच शिकवण लूकने लिहिली तेव्हा तिथे आले: जसा तुमचा पिता दयाळू आहे तसे तुम्ही दयाळू व्हा. देवासारखे व्हायचे म्हणजे आधी दयेत त्याच्यासारखे व्हायचे. आणि दया आपल्याला आधी मिळालेली असल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. म्हणूनच कन्फेशन सोडू नका असे मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

तेच ते पाप पुन्हा का येते? कारण तुम्ही त्याच आहात, घर तेच, माणसे तीच आणि दमणूकही तीच. पश्चात्तापासोबत ‘पुन्हा करणार नाही’ असा निश्चय लागतो, आणि इथे पुष्कळ जण अडतात. पुन्हा होणार हे ठाऊक असताना निश्चय करणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे, असे त्यांना वाटते. तसे नाही. निश्चय करणारा उद्याची हमी देत नसतो. या घडीला मला हे पाप नको आहे आणि ते टाळायला जमेल ते मी करीन, एवढा मनाचा कौल असला की निश्चय खरा. पोप फ्रान्सिस निवडून आले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, १७ मार्च २०१३ रोजी, ते संत पेत्राच्या चौकात जमलेल्या लोकांना म्हणाले होते की क्षमा करताना देव कधी थकत नाही, क्षमा मागताना आपणच थकतो. तुमच्या पत्रात मला नेमका हा थकवा दिसला.

चर्चचा नियमही माहीत असू द्या. गंभीर पापांची कबुली वर्षातून एकदा तरी देणे बंधनकारक आहे. रोजच्या हलक्या पापांसाठी तसे बंधन नाही, पण त्यांचीही कबुली द्यावी असे चर्च आग्रहाने सांगते, कारण त्यातून सवयींशी झुंजायचे बळ मिळते. तेव्हा दर महिन्याला तुम्ही रांगेत उभ्या राहता ती हजेरी लावायला नव्हे, बळ घ्यायला.

फक्त सांगण्याची पद्धत बदलून पाहा. ‘मी रागावले, चिडले, वाईट बोलले’ असे घाऊक सांगू नका. एक प्रसंग निवडा आणि तो घडला तसा सांगा: ‘रविवारी सकाळी चादर दुसऱ्यांदा खराब झाली, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं की तुम्ही हे मुद्दाम करता.’ असे बोलताना जीभ अडखळते. अडखळू द्या. घाऊक पापाला धर्मगुरूकडूनही घाऊकच सल्ला मिळतो, धीर धरा, प्रार्थना करा. नेमका प्रसंग कळला की तो नेमके विचारू शकतो: चादरीखाली रबरी शीट आहे का? रविवारी सकाळी घरात आणखी कोण असते? मिस्साच्या आधीचा तो अर्धा तास तुमचे मिस्टर का सांभाळत नाहीत? पाप टाळण्याची जी खटपट करायची असते ती पुष्कळदा अशीच साधी असते.

आता त्या रविवारच्या ख्रिस्तप्रसादाविषयी. एखादे पाप माणसाला ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवण्याइतके गंभीर ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असावी, ते कळत असावे आणि पूर्ण संमतीने केलेले असावे. झोपमोड झालेली बाई सकाळच्या घाईत ओरडते, तेव्हा ते चूक असते, पण सहसा या तिन्हींत बसत नाही. अशा पापांसाठी तर मिस्साची सुरुवातच पापांच्या कबुलीने होते, आणि ख्रिस्तप्रसाद स्वतःच हलकी पापे धुऊन काढतो अशी चर्चची शिकवण आहे. म्हणजे तुम्ही ढोंग केले नाही. जिथे जायला हवे होते तिथेच गेलात.

तरीही घरातून निघण्याआधी एक गोष्ट करायची राहिली. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणले आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. मी एकदा एका घरी आजारी म्हाताऱ्या बाईंना ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो होतो. त्यांची उजवी बाजू लुळी होती, शब्द फुटत नव्हते. प्रार्थना सुरू करणार तोच सून म्हणाली, ‘फादर, एक मिनिट.’ ती खाटेपाशी बसली आणि म्हणाली, ‘आई, काल लय बोलले तुम्हाला. चुकलं माझं.’ म्हाताऱ्या बाईंनी डाव्या हाताने चाचपडत सुनेच्या पदराचे टोक धरले आणि तिचे तोंड पुसायला लागल्या. टोक गालापर्यंत नीट पोहोचत नव्हते, म्हणून सून खाली वाकली. मग मी क्रुसाची खूण करून प्रार्थना सुरू केली. क्षमेवर इतकी प्रवचने दिली, पण क्षमा म्हणजे काय विचारले तर मला ते पदराचे टोक आठवते. तुमच्या सासूबाई काही करू शकतील की नाही, ठाऊक नाही. त्यांनी तोंड फिरवले तरी तुम्ही मागितलेली माफी वाया जात नाही.

‘दया जाणवत नाही’ याचे उत्तर मी तुम्हाला रात्रीच्या प्रार्थनेतून शोधायला सांगेन. इग्नेशियस यांनी दिवसाचा आढावा घेण्याची जी रीत शिकवली तिची सुरुवात पापांपासून होत नाही, आभारापासून होते. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. दमलेले माणूस दिवसाकडे मागे वळून पाहते तेव्हा त्याला आधी आपल्या चुकाच दिसतात, आणि मग तेवढाच दिवस होता असे वाटते. त्याऐवजी सकाळपासून एकेक आठवा. शेजारच्या काकू दुपारी सासूबाईंना बघून गेल्या. गाडीत कुणी सरकून जागा दिली. साहेबांनी उशीर झाल्याचे विचारले नाही. धाकट्याने न सांगता पाण्याची बाटली भरून ठेवली. देवाची दया बहुतेक वेळा अशी माणसांच्या हातूनच येते आणि त्या क्षणी तिच्याकडे बघायलाही आपल्याला फुरसत नसते. एका गोष्टीसाठी आभार माना, एका गोष्टीसाठी क्षमा मागा, उद्याच्या ज्या घडीची भीती वाटते ती देवाच्या हवाली करा आणि झोपा. रोझरी झोपेआधीच म्हटली पाहिजे असा नियम नाही. मीरा रोडला चढताना बसायला मिळत नाही हे मला ठाऊक आहे, पण जप उभ्यानेही होतो. बोटांवर मोजत दहा ‘नमो मरिया’ बोरिवली येईपर्यंत आरामात होतात. ते एक रहस्य एकाच माणसासाठी म्हणा, नाव घेऊन. आणि एवढे करूनही रात्री प्रार्थनेत झोप लागलीच, तर लिझ्यूची संत तेरेजा तुमच्या सोबतीला आहे. तीही मठात प्रार्थनेच्या वेळी पेंगायची. त्याचे दुःख करत बसण्याऐवजी ती म्हणायची की आईबापांना झोपलेले लेकरूही जागे असताना आवडते तितकेच आवडते. तिला चर्चने संत केले आणि १९९७ मध्ये चर्चची आचार्यही, म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिकाही, घोषित केले.

संतांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. दैवी दयेचा संदेश आज जगभर पोहोचला आहे, पण तो ज्या पोलिश सिस्टरला मिळाला ती संत फौस्तिना मठात स्वयंपाक, बागकाम आणि दारावरची राखण करायची. उकडलेल्या बटाट्यांचे पाणी ओतून काढताना ती जड भांडी तिला पेलवत नसत. म्हणून ती वेळ आली की ती टाळाटाळ करू लागली, आणि इतर सिस्टरांच्या ते लक्षातही आले. हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. त्या भांड्यांविषयीच तिने देवापाशी गाऱ्हाणे मांडले, आणि बळही तिला त्याच कामात मिळाले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपल्याला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर आलेल्या हौतात्म्यामुळे ठाऊक आहेत. पण त्या दिवसाआधीची त्यांची वर्षे जपानी भाषा शिकण्यात, व्यापारात आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून दुभाष्याचे काम करण्यात गेली. त्यांचे सोबती क्योटोत कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. गोन्सालो धर्मगुरू कधीच झाले नाहीत. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पावित्र्यावर लिहिताना तर एका साध्या बाईचेच उदाहरण घेतले. ती बाजारात जाते, शेजारणीशी बोलताना कुणाची निंदा करायचे टाळते आणि घरी आल्यावर दमलेली असूनही मुलाचे म्हणणे बसून ऐकते.

एक गोष्ट मला जरा ठामपणे सांगायची आहे. सगळे एकटीने ओढणे म्हणजे पावित्र्य नव्हे. त्या तुमच्या मिस्टरांच्या आई आहेत. आई-वडिलांचा मान राखायची आज्ञा त्यांना पहिली लागू होते, मग तुमच्या दिरांना आणि नणंदांना. आठवड्यातली एक रात्र आणि रविवारची सकाळ दुसऱ्या कुणी सांभाळावी, हे स्पष्ट बोला आणि चिडून नको, बसून बोला. स्वतःच्या आईची कूस बदलायची संधी मुलाला मिळणे हीसुद्धा त्याच्यावर दयाच आहे. आणि एखाद्या रविवारी खरोखरच कुणी सापडले नाही आणि सासूबाईंना एकटे टाकून जाणे शक्य नसले, तर तुम्ही मिस्सा चुकवली असे होत नाही. आजाऱ्याची देखभाल हे चर्चच्या दृष्टीने रास्त कारण आहे. त्या दिवशी घरी शुभवर्तमान वाचा, सासूबाईंना ऐकू जाईल असे.

शेवटी, या आठवड्यात करता येईल असे काम. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या ख्रिस्तप्रसादाचा उल्लेख नाही, म्हणून धरून चालतो की त्यांना तो बरेच दिवस मिळालेला नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीत (फादर मिस्सासाठी तयार होतात त्या खोलीत) जाऊन त्यांचे नाव द्या. पुष्कळ धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे जाण्याची प्रथा आहे, पण तुम्ही घरी असाल अशी वेळ मागून घ्या. आजाऱ्यांना तेल लावण्याच्या संस्काराविषयीही तेव्हाच बोला. तो केवळ मरणघटकेसाठी आहे ही समजूत जुनी झाली. गंभीर आजारात तो घेता येतो, आणि दुखणे वाढले तर पुन्हाही घेता येतो.

खाटेजवळ छोट्या टेबलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेल्यात थोडे पाणी ठेवा. झटक्यानंतर गिळायला त्रास होतो, तेव्हा अगदी बारीक तुकडा पुरतो. तोही जात नसेल तर फादरांना आधी सांगा, पवित्र द्राक्षारसाचा थेंब देण्याची सोय आहे. ख्रिस्तप्रसादाच्या आधी त्या दिवशी आपण म्हणू, ‘प्रभो, आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही.’ हे शब्द मुळात कोणाचे, ते आठवा. पक्षाघाताने घरात पडून असलेल्या आपल्या चाकरासाठी एक रोमी शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांचा नायक, ते बोलला होता. आणि मत्तयच्या त्याच आठव्या अध्यायात, लगेच पुढे, येशू पेत्राच्या घरी जातो. तिथे पेत्राची सासू तापाने पडलेली असते.

तुम्हीही त्यांच्या शेजारी बसून ख्रिस्तप्रसाद घ्या. आधी तासभर काही न खाण्याचा जो नियम आहे तो म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही माफ आहे. तेव्हा फादर येण्याआधी सासूबाईंना पेज भरवताना उरलेले दोन घोट तुम्ही घाईघाईत घेतले असतील, तरी चालेल.